वृद्धाश्रमात रात्री तीन वाजता कोण जागं असतं?

आत्याच्या पाठीला जखम झालीय हे मला वासावरून कळलं. रविवारी तिला भेटायला गेलो होतो, कवळी आता बसत नाही म्हणून बेसनाचा लाडू दुधात कुस्करून नेला होता, शेजारी बसलो आणि पावडरच्या वासाखालून एक वेगळाच वास आला, गोडसर कुजका. मी तिथे देखभाल करणाऱ्या मावशींना म्हटलं, जरा हिला कुशीवर करूया का. त्या म्हणाल्या आत्ताच केलं होतं की. मी म्हटलं तरी करूया, आणि मग दोघांनी मिळून वळवलं तर माकडहाडावर पाच रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठी, कडा काळ्या पडलेली जखम. गाऊन चिकटला होता तिथे. आत्या एक शब्द बोलली नाही, फक्त डोळे मिटून घेतले. पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांचे कान पकडून नखं तपासलेली बाई ही, आणि आपली पाठ कोणी बघत नाही हे सांगायची तिला लाज वाटत होती.

मी खाली ऑफिसात जाऊन तिची फाईल मागितली. प्रत्येकाचा रोजचा चार्ट होता, व्यवस्थित, निळ्या पेनाने भरलेला. बीपी 130/80, नाडी 78, ताप नाही, जेवण व्यवस्थित. आदल्या दिवशी तेच, त्याच्या आदल्या दिवशी तेच, मागे तीन आठवडे तेच. आणि त्याखाली सोमवारची ओळ, तिथेही 130/80. सोमवार अजून उजाडायचा होता.

आम्ही महिना 22 हजार रुपये देत होतो, डिपॉझिट वेगळं. आत्याच्या पेन्शनीतून बरंचसं भागायचं, वर थोडं मी आणि माझा चुलतभाऊ घालायचो. तिला मूलबाळ नाही, लग्नच केलं नव्हतं, धाकट्या भावंडांची शिक्षणं करण्यात तिचं वय गेलं. पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशननंतर चालता येईना, आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या लिफ्ट नसलेल्या फ्लॅटमध्ये आणि आम्ही दोघं नवराबायको दिवसभर बाहेर, अशात जे करता आलं ते केलं. हे एवढ्यासाठी सांगतोय की वृद्धाश्रम म्हटलं की लगेच संस्कारांवर गाडी जाते, आणि मला आज त्यावर बोलायचंच नाहीये.

त्या जागेचं नावही मला इथे घ्यायचं नाही, कारण ती माणसं राक्षस नव्हती. मालक भला माणूस, सणासुदीला पुरणपोळी करायचा, गणपती बसवायचा. पण मी त्या रात्री घरी येऊन एक हिशोब मांडला तो तुम्हीही मांडून बघा. तिथे एकोणीस जण होते, त्यातले सात पूर्ण अंथरुणावर. ज्याला स्वतः हलता येत नाही त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, कुठलाही डॉक्टर किंवा नर्स हेच सांगेल. रात्री दहा ते सकाळी सहा धरा, म्हणजे चार फेऱ्या, सात जणांच्या मिळून अठ्ठावीस वेळा. कूस बदलायची, डायपर बघायचा, ओला असेल तर पुसून बदलायचा, पाठ कोरडी करायची, उशी लावायची, यात घाईघाईनेही दहा मिनिटं जातात. म्हणजे 280 मिनिटं, जवळजवळ पावणेपाच तास सलग, आणि ते नीट करायला दोन माणसं लागतात. रात्रीला तिथे मावशी एक. आणि तीच दिवसभर ड्यूटी करून रात्री तिथेच झोपणारी. मग सांगा आत्याची पाठ कशी शाबूत राहणार होती. कोणी दुष्टपणा केला म्हणून ती जखम झाली असं मला वाटत नाही, गणितच असं होतं की ती होणारच होती, आणि हे गणित मांडा, आम्हाला दाखवा, असं त्या मालकाला विचारणारं या राज्यात कोणी नव्हतं.

माझा सगळा मुद्दा हाच आहे. वृद्धाश्रमात माणसं किती, त्यातली अंथरुणावर किती, आणि रात्री तीन वाजता जागं कोण असतं. ज्या दिवशी हा प्रश्न सरकारी माणूस जाऊन विचारेल, उत्तर लिहून घेईल आणि ते लोकांना बघता येईल, तेव्हा आपल्याकडे मानकं आहेत असं म्हणता येईल.

आता आपल्याकडे आहे काय ते बघू. 2007 साली केंद्राचा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा कायदा आला. लोकांना त्यातलं एकच माहीत असतं, की मुलगा सांभाळत नसेल तर प्रांताधिकाऱ्याकडे न्यायाधिकरणात अर्ज करता येतो आणि महिना 10 हजारापर्यंत निर्वाह मिळतो. पण त्याच कायद्यात कलम 19 आहे, वृद्धाश्रमांबद्दल. त्यात म्हटलंय की राज्य सरकार टप्प्याटप्प्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, निदान 150 निराधार ज्येष्ठांना सामावेल असा वृद्धाश्रम काढू शकेल आणि तो चालवायची योजना, सोयीसुविधांचे दर्जे ठरवू शकेल. शकेल. करेलच असं नाही, करू शकेल. आणि ते दर्जेही त्या सरकारी वृद्धाश्रमांसाठी. कोथरूडच्या बंगल्यात, वाघोलीच्या रो हाऊसमध्ये, बदलापूरच्या फार्महाऊसवर जे शेकडो खासगी वृद्धाश्रम चाललेत त्यांचं काय याबद्दल तो कायदा बोलतच नाही.

2019 च्या डिसेंबरमध्ये हे दुरुस्त करायला लोकसभेत विधेयक आलं होतं. त्यात खासगीसकट सगळ्या केअर होमची नोंदणी सक्तीची होती, जेवण, जागा, वैद्यकीय सोय यांचे किमान दर्जे केंद्र ठरवणार होतं. संसदेच्या स्थायी समितीकडे गेलं, अहवाल आला, आणि ते पास झालंच नाही, ती लोकसभाही संपली. मला आठवतं तेव्हा टीव्हीवर चर्चा झाली ती एवढीच, की आई-बापाला टाकून देणाऱ्या पोरांची शिक्षा तीन महिन्यांवरून सहा महिने होणार. नोंदणीचं कलम कोणाच्या तोंडी नव्हतं. कारण पोरांना शिव्या घालणं सोपं आहे.

आणि लहान मुलांच्या बाबतीत आपण हे करून दाखवलंय, म्हणून जास्त वाईट वाटतं. 2015 चा बाल न्याय कायदा बघा, कुठलीही संस्था, सरकारी असो की ट्रस्टची, निराधार मुलं ठेवत असेल तर नोंदणी केलीच पाहिजे, नाही केली तर चालवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड. बालगृहात सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही, पण निदान यादी तरी असते, तपासायला जाणारी समिती तरी असते, आणि काही भयंकर घडलं तर जाब कोणाला विचारायचा ते माहीत असतं. ज्या म्हाताऱ्या माणसाला बोलता येत नाही, उठता येत नाही, कोण आलं कोण गेलं आठवत नाही, ते त्या लहान मुलाइतकंच दुसऱ्याच्या हातात असतं ना. त्याच्यासाठी मात्र एक बोर्ड लावला, चार कॉट टाकल्या, की झाला वृद्धाश्रम सुरू. खानावळीला फूड लायसन लागतं.

मजा बघा असं म्हणणार नाही, कारण मजा कसली, चीडच येते. मे 2024 मध्ये महारेराने, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांना मार्गदर्शक तत्त्वं लावली. दरवाजे 900 मिलिमीटर रुंद, म्हणजे व्हीलचेअर जाईल असे, न घसरणाऱ्या फरश्या, बाथरूममध्ये धरायला दांडे, लिफ्ट, रॅम्प. उत्तम आहे, मनापासून उत्तम आहे. पण हे बिल्डर जो फ्लॅट विकतो त्याच्यासाठी. ज्याच्याकडे साठ-सत्तर लाखांचा सीनियर लिव्हिंगचा फ्लॅट घ्यायची ताकद आहे त्याला बाथरूममध्ये दांडा मिळेल याची सोय झाली. ज्याला कोणाच्या तरी बंगल्याच्या हॉलमध्ये सहा कॉटपैकी एक मिळालीय त्याच्या बाथरूमला अजून तोच कडप्प्याचा उंबरा आणि तीच ओली गुळगुळीत फरशी. आत्या पडली ती घरीच, तसल्याच उंबऱ्याला अडखळून, म्हणून मला तो उंबरा कुठेही दिसला की पोटात गोळा येतो.

बरं, नवा कायदा होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं का, तर तसंही नाही. महाराष्ट्रात 1949 पासून शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे, छोट्यामोठ्या खासगी हॉस्पिटलची नोंदणी त्याखाली होते. त्यातली शुश्रूषागृहाची व्याख्या वाचा. आजार, इजा किंवा दुर्बलता असलेल्या माणसांना ठेवून घेऊन त्यांच्यावर उपचार आणि शुश्रूषा करायची जागा, अशा अर्थाची आहे ती. दुर्बलता हा शब्द त्यात आहे. मग ज्या वृद्धाश्रमात नाकातून नळीने खाणं चाललंय, लघवीसाठी कॅथेटर लावलेत, इन्शुलिन टोचतायत, बेडसोरचं, म्हणजे आत्याला झाली तसल्या जखमेचं, ड्रेसिंग होतंय, ती जागा या व्याख्येत का बसत नाही? माझ्या मते बसते. 2021 मध्ये याच कायद्याचे नियम सुधारले तेव्हा तीन खाटांमागे एक नर्स, रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात, तक्रार निवारणाची सोय, असं सगळं आलं. मी म्हणत नाही की हिंडत्याफिरत्या आजीआजोबांच्या वृद्धाश्रमाला तीन खाटांमागे नर्स लावा. पण जो मालक जाहिरातीत पॅरालिसिस, कॅन्सर, कोमा पेशंट स्वीकारले जातील असं लिहितो आणि त्याचे जादा पैसे घेतो त्याला महापालिकेच्या आरोग्य खात्याने विचारायला काय हरकत आहे की बाबा रे तुझ्याकडे नर्स कोण आहे.

आगीचं तर याहून स्पष्ट आहे. राष्ट्रीय इमारत संहितेत वृद्ध आणि दुर्बलांची निवासगृहं संस्थात्मक इमारतींच्या गटात टाकलीत, हॉस्पिटलं आणि तुरुंग ज्या गटात येतात त्याच, कारण साधं आहे, आग लागली तर आतली माणसं स्वतःहून पळू शकत नाहीत. महाराष्ट्राचा अग्निप्रतिबंधाचा कायदा 2006 चा, त्यात परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, ज्याला फॉर्म बी म्हणतात, ते वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यायचं असतं. आणि प्रत्यक्षात? आत्याच्या त्या जागेत पहिल्या मजल्यावर रात्री जिन्याच्या तोंडाला लोखंडी जाळीचं दार लावून कुलूप घालायचे. का, तर एक आजोबा रात्री उठून घरी जायला निघायचे, डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, होता त्यांना, एकदा रस्त्यावर सापडले होते. कुलपामागचं कारण मला समजतं, पण किल्ली खाली झोपलेल्या मावशींच्या उशाशी. वर अकरा माणसं, खिडक्यांना गज, जुन्या वायरिंगवर दोन एसी आणि एअर मॅट्रेसच्या मोटारी रात्रभर चालू.

दिल्लीत ग्रेटर कैलासमध्ये 1 जानेवारी 2023 च्या पहाटे ज्येष्ठांच्या केअर होमला आग लागून दोन वृद्ध स्त्रिया गेल्या. आपल्याकडे 2021 या एका वर्षात भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा बाळं गेली, विरारला आयसीयूत पंधरा, नगरच्या जिल्हा रुग्णालयात किमान अकरा. ही नोंदणी झालेली, डॉक्टर-नर्स असलेली, सगळ्यांना माहीत असलेली हॉस्पिटलं होती. ज्या घरांची कुठल्याच ऑफिसात नोंद नाही तिथे रात्री काय होईल याचा विचार केला की मला झोप येत नाही, आणि मी हे उगीच भीती घालायला लिहीत नाहीये.

आणि बांधून ठेवण्याचं काय? जून 2025 मध्ये नोएडात एका वृद्धाश्रमावर छापा पडला, चाळीसच्या आसपास वृद्धांना सोडवलं, एका बाईचे हात बांधलेले होते, खोल्यांना बाहेरून कुलपं, तो व्हिडिओ फिरला होता तुम्ही बघितलाही असेल. लोक म्हणाले यूपी आहे तिकडे काहीही होतं. अहो, मनगटाला ओढणी किंवा बँडेज गुंडाळून कॉटच्या रेलिंगला बांधणं हे मी पुण्यात बघितलंय, शांतपणे, सगळ्यांदेखत, "नळी काढतात हो सारखी" म्हणून. मानसिक आरोग्य कायदा 2017 चा, त्यात साखळीने बांधायला सरळ बंदी आणि इतर कुठल्याही प्रकारे जखडायचं तर त्याला किंवा इतरांना होऊ घातलेली तातडीची इजा टाळायचा दुसरा मार्गच नसेल तेव्हाच, प्रभारी मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, नोंद ठेवून. आता वृद्धाश्रम म्हणणार आम्ही मनोरुग्णालय नाही, हॉस्पिटल म्हणणार ते आमच्याकडे येत नाही, समाजकल्याण म्हणणार आमच्या अनुदानावर नाही. मधल्या मधे त्या म्हाताऱ्याचं मनगट.

हे असं का चालतं याचं कारण मला आपल्या मनातच दिसतं. वृद्धाश्रम म्हटलं की आपल्या डोक्यात दोनच गोष्टी येतात, एक म्हणजे पाप आणि दुसरी म्हणजे पुण्य. मुलांनी ठेवलं म्हणजे पाप, चालवणाऱ्याने ठेवून घेतलं म्हणजे पुण्य. ज्याने पाप केलंय तो खालमानेने येतो, पैसे भरतो आणि प्रश्न विचारत नाही, कारण प्रश्न विचारला तर समोरचा म्हणेल एवढी काळजी होती तर घरी का नाही ठेवलं. मला हे वाक्य प्रत्यक्ष ऐकवलं गेलंय, जखम दाखवली त्या दिवशीच. आणि जो पुण्य करतोय त्याची तपासणी कशी करायची, तो तर सेवा करतोय. आपण वाढदिवसाला जातो, केळी आणि बिस्किटाचे पुडे वाटतो, आजी-आजोबांसोबत फोटो काढतो, त्यांना गाणी म्हणायला लावतो, ठळक अक्षरात अन्नदात्यांची पाटी वाचतो, आणि परत येतो. शंभरातल्या नव्वदांनी तरी तिथलं बाथरूम बघितलेलं नसतं. मीही याआधी दोनदा असाच गेलो होतो ऑफिसच्या ग्रुपबरोबर, ब्लँकेटं वाटली होती, टाळ्या वाजवून आलो होतो.

सेवा हा शब्द मला आवडतो, मी वारकरी घरातला आहे, पण सेवेला हिशोब नको असं कोणी सांगितलं? पंगतीत वाढणारासुद्धा मीठ पोचलं का बघत पुढे जातो.

एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही, म्हणून त्यावर जरा थांबतो. नियम कडक केले तर छोटे, घरगुती, खरंच मायेने चालणारे वृद्धाश्रम बंद पडतील, मोठ्या कंपन्यांचेच राहतील, महिना साठ-सत्तर हजारवाले, आणि गरिबाचं म्हातारं माणूस रस्त्यावर येईल. शिवाय इन्स्पेक्टर येणार म्हणजे हप्ता आला. मी अशा दोन-तीन ठिकाणी गेलोय जिथे एक बाई आणि तिचा नवरा स्वतःच्या घरात सहा-आठ जणांना सांभाळतात, कागद एकही नाही, पण सगळ्या पाठी कोरड्या, चादरी स्वच्छ, आणि एक आजी चक्क ताकाची रवी धरून बसलेली. अशी जागा फायर एनओसीच्या कागदासाठी बंद पडली तर मलाच सगळ्यात जास्त वाईट वाटेल.

म्हणूनच मला वाटतं सगळ्यांना एकच मापटं लावू नये. जे स्वतःचं स्वतः करू शकतात त्यांची जागा वेगळी, तिथे नियम थोडे, फरशी, बाथरूम, जेवण, आग, औषधांचा डबा, भेटायची मोकळीक एवढं बस. जिथे अंथरुणावरचे किंवा डिमेन्शियाचे लोक आहेत तिथे रात्रीचं जागं माणूस आणि प्रशिक्षित नर्स याला सूट नाही, जागा छोटी असो की मोठी, ट्रस्ट असो की कंपनी. नोंदणी मात्र सगळ्यांना, फुकट आणि एका पानाची, सहा जण असले तरी. पहिली दोन वर्षं दंड नको, मदत करा, महापालिकेच्या फायरवाल्याने येऊन दाखवावं की जाळीचं दार आतून उघडेल असं कसं बसवायचं, आरोग्य केंद्राच्या सिस्टरने महिन्यातून एकदा येऊन पाठी बघाव्यात. आणि हप्त्यावर उपाय मला एकच माहीत आहे, तपासणीत काय दिसलं ते त्याच दिवशी लोकांसमोर टाकणं. माझी मावसबहीण इंग्लंडात लीड्सला केअर होममध्ये कामाला आहे. तिकडे सगळं छान चाललंय असं ती अजिबात म्हणत नाही, माणसं तिथेही कमीच पडतात, पण तपासणी करणारी सरकारी संस्था प्रत्येक होमला चारपैकी एक शेरा देते, उत्कृष्टपासून अपुऱ्यापर्यंत, आणि तो शेरा दारात लावावाच लागतो, अहवाल नेटवर कोणीही वाचू शकतं. ती सांगते की कूस बदलल्याची वेळ टाकून सही करायची असते आणि न बदलता सही केली हे सापडलं तर नोकरी जाते. मी तिला सोमवारच्या 130/80 ची गोष्ट सांगितली तेव्हा ती बराच वेळ फोनवर काही बोललीच नाही.

पैशाचं मी टाळणार नाही. दुसरी मावशी ठेवायची तर पैसे लागतात. 1995 साली युती सरकारने जिल्ह्याजिल्ह्यात मातोश्री वृद्धाश्रम काढले, संस्थांना चालवायला दिले, कल्पना चांगलीच होती. पण अशा आश्रमांत खाट मिळण्याची अट बहुतेक ठिकाणी एकच, की माणूस हिंडताफिरता पाहिजे, धडधाकट पाहिजे. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त गरज तोच दाराबाहेर. आणि आत असताना पडला, पक्षाघात झाला, तर नातेवाइकाला फोन, येऊन घेऊन जा. केंद्राच्या अटल वयो अभ्युदय योजनेत 25 निराधार ज्येष्ठांच्या वृद्धाश्रमाला अनुदान आहे, डिमेन्शियाच्या माणसांसाठी वेगळी गृहं काढायचीही तरतूद आहे, पण आपल्या आसपास असं किती जणांनी बघितलंय? 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीच्या पुढचे एक कोटी अकरा लाख लोक होते, तेव्हाच. आता तर त्या वेळचे पन्नाशीतलेही साठीपार गेलेत. पोरं परदेशात असलेले, एकुलत्या मुलीचे आई-बाप, आत्यासारख्या एकट्या बायका, वन बीएचकेत पाच जण राहणारे, यांच्यातल्या काहींना ही जागा लागणारच आहे, संस्कार कितीही चांगले असले तरी. त्यामुळे अंथरुणावरच्या माणसामागे सरकारने खरा खर्च येतो तेवढं अनुदान द्यावं आणि त्या बदल्यात रात्रीची माणसं मोजून घ्यावीत.

आणि मावशींबद्दल बोलल्याशिवाय हे संपवणं बरोबर होणार नाही. आत्याच्या त्या मावशी हिंगोलीकडच्या, नवरा गेलेला, दोन मुली आईकडे ठेवून आलेल्या. कामाला बायका पुरवणाऱ्या ब्यूरोमार्फत आल्या होत्या, पगारातले काही पैसे ब्यूरोवाला दर महिन्याला कापून घ्यायचा. सुट्टी महिन्यातून दोन. झोपायला जिन्याखाली गादी. त्यांना कोणी कधी शिकवलंच नव्हतं की झोपलेल्या माणसाला पाणी पाजू नये, उठवून बसवून, हनुवटी खाली करून घोट घोट पाजायचं, नाहीतर ते फुफ्फुसात जातं. त्यांनी मला विचारलं होतं, "दादा, लाल झालं की पावडर जास्त टाकायची ना?" लाल झालं की पावडर नाही, त्या जागेवरचा भार काढायचा असतो, हे सांगायला पाच मिनिटं लागली, आणि ती पाच मिनिटं त्यांना तीन वर्षांत कोणी दिली नव्हती. जनरल ड्यूटी असिस्टंटचा, म्हणजे रुग्णांची देखभाल करणाऱ्या मदतनिसाचा, कोर्स सरकारच्या कौशल्य योजनेत आहे, काही महिन्यांचा. तो केलेल्या बाईला जास्त पगार, आठ तासांची पाळी आणि ओळखपत्र मिळालं पाहिजे, कारण तिचं काम नर्सच्या कामापेक्षा सोपं नाहीये. चार्ट खोटा भरला याचा मला राग आला होता, अजूनही आहे, पण ज्या बाईला सोळा तास कामाला लावून वर रात्रीही उठायला सांगितलंय ती दुसरं काय लिहिणार होती.

तोवर आपल्या हातात काय आहे ते मी अनुभवातून सांगतो. जागा बघायला जाल तेव्हा दिवसा अपॉइंटमेंट घेऊन जाऊ नका, रात्री साडेनऊनंतर न सांगता जा. आत घेतलं नाही तर तेच उत्तर समजा. अंथरुणावरचे किती आणि रात्री जागे किती हे विचारा. तिथे गेल्या वर्षी कितीजण वारले, कुठल्या हॉस्पिटलात नेतात, रात्री डॉक्टर कोण येतो, हे विचारायला लाजू नका, चांगल्या माणसाला या प्रश्नांचा राग येत नाही. माणूस अंथरुणाला खिळलं तर ठेवणार की काढणार हे कागदावर घ्या, डिपॉझिट कधी परत हेही. आणि आपलं माणूस आत असेल तर भेटायला गेल्यावर नुसतं बोलू नका, त्याची पाठ बघा, टाचा बघा. तक्रार करायची तर 14567 ही ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, तिथे निदान नोंद होते.

आत्याला आम्ही त्याच आठवड्यात हलवलं. जखम भरायला साडेचार महिने लागले, दोनदा सर्जनकडे साफ करून घ्यावी लागली, भूल न देता केली पहिल्यांदा, ती माझा हात धरून पाढे म्हणत होती, एकोणतीसचा. आताची जागा हडपसरच्या पुढे आहे, जुनीच इमारत, साधीच, पण रात्री दोन मावशी पाळीने जागतात आणि कूस बदलल्याचा तक्ता कॉटच्या पायाशी लटकवलेला असतो, त्यावर प्रत्येक ओळीची शाई आणि अक्षर वेगळं आहे. मी पहिल्याच दिवशी तिथल्या काकांना फॉर्म बी बद्दल विचारलं होतं, त्यांनी नावच ऐकलं नव्हतं. तीन-चार वेळा मागे लागलो, एकदा त्यांच्याबरोबर फायर ब्रिगेडच्या ऑफिसातही गेलो. परवा गेलो तर त्यांनी स्वतः बोलावून जुलैचं प्रमाणपत्र दाखवलं, जिन्याजवळ भिंतीवर लावलंय, आणि वरच्या मजल्याच्या दाराचं कुलूप काढून त्या जागी घंटा बसवलीय, कोणी दार उघडलं की ती खाली वाजते.